बोगद्यानंतरचं वळण

गाडी बोगद्यातून सुसाट बाहेर आली, समाधाननं स्टेअरिंग डावीकडे घातलं, करकचून ब्रेक दाबला आणि गाडी गिरकी घेऊन पुन्हा त्याच डोंगरावर आदळली. ती सरळ होईपर्यंत बाकीच्या सगळ्या गाड्या धूळ उडवत निघून गेल्या. वेळ संपली. टीव्हीवर मोठी लाल अक्षरं आली.

"पप्पा, परत डोंगर," पिंकी म्हणाली. ती पलंगावर पालथी पडून गृहपाठ करत होती, कारण तिच्या अभ्यासाच्या टेबलाला पप्पांनी स्टेअरिंग आवळून ठेवलं होतं.

"दिसतंय मला."

"समुद्र कधी येणार?"

"ह्या वळणापुढे समुद्रच आहे. तू बघ तर."

बघून बघून पोरीचे डोळे दुखायची वेळ आली होती. समाधानच्या डोक्यात तिडीक गेली. जुन्या पार्लरमधल्या रेसिंग गेमांचा अख्खा संच नव्यानं निघालाय, हे कंपनीत लाइनवरच्या एका पोरानं मोबाईलवर दाखवलं, त्या दिवसापासून त्याला चैन नव्हतं. संच आला, स्टेअरिंग आलं, पायाखाली ठेवायचे पॅडल आले. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते, तो सगळा दिवस त्यातच जायला लागला. आणि एवढं करून हा बाबा शेवटचा येत होता. आठवा, नववा नाही, शेवटचा.

आता ह्यात रडण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. पण पिंकी बोलायला लागल्यापासून तिला झोपवताना ह्यानं दुसरी गोष्ट सांगितली असेल तर शपथ. भोसरीत मीरासाहेबांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. त्यात आत बसायचं, खऱ्या गाडीसारखं एक लाल मशीन होतं. आणि त्या मशीनवर आख्ख्या भोसरीत पहिला कोण यायचं? पप्पा. मोठी मोठी पोरं मागे उभी राहून कोणाला बघायची? पप्पांना. बोगदा, वळण, मग एकदम निळाशार समुद्र, नारळाची झाडं, वर उडणारं विमान. पोरीनं ते सगळं पाठ केलं होतं आणि शाळेत मैत्रिणींनाही सांगून ठेवलं होतं. कंपनीत तो दिवसभर गाड्यांच्या दारांना रबर बसवायचा. ते सांगून पोरीच्या डोळ्यांत चमक येत नाही, एवढं त्याला कळत होतं. त्याच्याकडे मिरवायला ह्या समुद्राशिवाय काही नव्हतं, आणि तोच पोरीला दाखवता येत नव्हता.

त्याची बायको दिपाली चहा घेऊन आली.

"कंपनीत गाड्या जोडता, घरी येऊन फोडता," ती म्हणाली. "एक काहीतरी ठरवा."

"स्टेअरिंगमध्येच खोट आहे. लवकर वळत नाही."

"काल टीव्हीत होती खोट."

 समाधाननं टेबलाचा स्क्रू पुन्हा आवळला, पॅडल इंचभर पुढे सरकवले आणि पुन्हा सुरू केलं. डोंगर. पुन्हा डोंगर. तिसऱ्यांदा ब्रेक दाबलाच नाही, तर गाडी डोंगरावर जरा जास्तच जोरात गेली. त्यानं स्टेअरिंगवर हात आपटला.

पिंकीनं वही मिटली.

"पप्पा, तुम्ही खरंच पहिले यायचा?"

तिनं चिडवायला विचारलं नव्हतं, आणि तेच त्याला फार लागलं.  त्यानं फोन उचलला.

"नवनाथ, घरी आहेस का? मग ये की राव. आत्ता ये. साक्षीदार पाहिजे."

नवनाथ भोसरी गावठाणातला. समाधानचे आईवडील लातूरकडून आले तेव्हा ह्याच्याच घरात भाड्यानं राहायचे, त्यामुळे दोघं एका अंगणात वाढले. आता तो कामगारांची बस चालवायचा, रोज भोसरी ते महाळुंगे. अर्ध्या तासात तो आला, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, आणि आत आल्या आल्या टीव्हीपुढे थबकला.

"आरं, हे तर मीराचाचाचं मशीन."

"तेच. आता हिला सांग. ह्याच्यावर पहिला कोण यायचं?"

"तुजा बापच की," नवनाथ पिंकीला म्हणाला. "भोसरीत कुनी हात धरत नव्हतं त्याचा."

समाधाननं पोरीकडे असं पाहिलं, जणू कोर्टात केस जिंकलीय.

"मग आता का नाही येत?" पिंकी म्हणाली. "सारखे डोंगरावर जातात."

नवनाथनं वाकून टेबलाखाली पाहिलं. "ब्रेक कोन दाबतंय?"

"कोण म्हणजे? मीच."

"तू?" नवनाथ हसला. "तू कवा ब्रेक दाबला व्हता, भावा?"

समाधाननं पॅडलवरचा पाय काढला. त्या लाल मशीनची सीट मोठ्या माणसांच्या मापाची होती. पाय पोचायचे नाहीत. म्हणून वर एकानं बसायचं आणि दुसऱ्यानं खाली, पाय ठेवायच्या खोबणीत, अंगाची घडी करून, दोन हातांनी पॅडल दाबायचे. हे तो विसरला होता असंही नाही. गोष्ट सांगता सांगता एवढा भाग कधीतरी गळून पडला होता, आणि कोणी तो मागितलाही नव्हता.

"थांब," नवनाथ म्हणाला. त्यानं पँट गुडघ्यापाशी वर ओढली आणि तो टेबलाखाली शिरला. हाडं कटकन वाजली. "आता लाव."

गाडी सुटली. समाधानला आता फक्त वळवायचं होतं. एक गाडी मागे पडली, मग दुसरी. बोगदा आला. त्याचा डावा गुडघा आपोआप आत वळून नवनाथच्या खांद्याला लागला, त्याच क्षणी ब्रेक बसला, सुटला, पुन्हा हलकासा बसला, आणि डोंगराला घासेल न घासेल अशी गाडी वळणातून लोण्यासारखी बाहेर पडली.

"समुद्र!" पिंकी पलंगावर उभी राहिली. "काका, समुद्र आला!"

"समुद्र?" टेबलाखालून आवाज आला. "कसला समुद्र?"

समाधानचे हात स्टेअरिंगवर होते. नारळाची झाडं झपझप मागे गेली, विमान आलं, पांढरी रेघ आली. तो पहिला आला होता. पिंकी टाळ्या वाजवत होती, दिपालीही दारात येऊन बघत होती, आणि तो मात्र टेबलाखाली बघत होता.

"काका, तुम्हाला खालून दिसत नाही, मग कळतं कसं?"

"विंजिनाचा आवाज बदलतू. आन् वळन आलं की तुजा बाप मला गुडगा मारतू," नवनाथ म्हणाला. "आता बसवर तेच. चाकणच्या ट्रॅफिकात ब्रेकबिगर दुसरं करतू काय आमी?"

"मग तुम्ही वर कधी बसायचा?"

नवनाथ टेबलाखालून निघायच्या खटपटीत होता. "बारी लागायच्या आधीच चाचानं मशीन इकलं की गं. मग ऱ्हायलं."

कपडे झटकता झटकता त्यानं ते सांगितलं, त्यात काही मनाला लावून घेतलेलं नव्हतं. पण रोज दुकानातून निघताना 'उद्या तू बस' असं कोण म्हणायचं, ते समाधानला नेमकं आठवलं. स्वतःचाच आवाज कानात आला. कितीतरी उद्या होऊन गेले होते.

तो खुर्चीवरून उठला.

"बस."

"मी? न्हाई बाबा. मला त्यातलं काय येतं?"

"बस म्हणतो ना," समाधान जरा चिडूनच म्हणाला, आणि नवनाथनं काही म्हणायच्या आत स्वतः टेबलाखाली शिरला.

खाली अंधार होता. वायरी, धूळ, पिंकीचं हरवलेलं खोडरबर, आणि नवनाथच्या पँटची शिवण. डोकं वर करायला जागा नव्हती. एवढ्यातच मान अवघडली. त्यानं पॅडलवर हात ठेवले. वर इंजिन गुरगुरलं. त्यानं अंदाजानं दाबलं, अंदाजानं सोडलं, आणि डोंगरावर आदळल्याचा आवाज आला. गाडी सरळ झाली, पुन्हा आदळली.

"आवाज ऐक, भावा," नवनाथ वरून म्हणाला. "घाई करू नगं."

समाधाननं डोळे मिटले. बोगद्यात आवाज घुमायला लागला, मग मोकळा झाला. नवनाथचा गुडघा त्याच्या खांद्याला लागला. त्यानं ब्रेक दाबला, सोडला. आदळण्याचा आवाज आला नाही.

  वर स्टेअरिंगची करकर थांबली होती.

"समाधान," मग नवनाथ हळूच म्हणाला, "हे आसं व्हतं व्हय?"

"हो. असंच."

"काका, सगळे पुढे चाललेत," पिंकी म्हणाली. "तुम्ही शेवटचे येताय."

 समाधाननं टेबलाखाली अंग चोरलं, वेगाच्या पॅडलवरचा दाब सैल केला, आणि गाडी समुद्राच्या कडेनं सावकाश जाऊ दिली.