काट्यावरचा सत्कार

जगदेवी भाकरी थापत होती, तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बुशराबाई दारात आल्या. लातूरच्या त्या गल्लीत जगदेवीच्या तोंडाला सगळेच वचकून असत. नळावर तिने कमरेवरचा हंडा खाली ठेवला, की बाकीच्या बाया आपले हंडे मुकाट्याने मागे ओढत. तिची जीभ अडखळायची ती एकाच ठिकाणी. डाळ मिलच्या वजनकाट्यावर बसणारा तिचा सिद्धराम वर्षभर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि ती जगाला कावीळ सांगत होती.

आता गोळ्यांनी गुण आला होता. परवा आपणहून दाढी करून तो म्हणाला होता, "अव्वा, काट्यावर जाऊन बघू म्हणतो."

"मावशी, सोमवारी त्याला गुपचूप जाऊ द्या," बुशराबाई म्हणाल्या. "शेटजींशी बोलले मी. सुरुवातीला दोनच तास. काट्यावरचे जिलानीभाई केबिनमध्ये शेजारी बसतील. कुणी काही विचारायचं नाही."

"गुपचूप? चोरी करून आलाय का माझा लेक?"

"तसं नाही. त्याला सध्या माणसांची नजर सोसत नाही."

"नजर मी काढते मीठ-मोहऱ्यांनी. तुमी च्या घ्या."

आतून सिद्धराम हसला. बारीकसं, नाकातल्या नाकात. वर्षानंतर ते हसू ऐकलं आणि जगदेवीचा ऊर असा भरून आला, की बाईंचं पुढचं बोलणं तिच्या कानातच शिरलं नाही. शेजारची पद्मीन गल्लीभर सांगत फिरली होती, पोरगं येडं झालंय म्हणून. आता तिचं तोंड बंद करायची वेळ आली होती. जगदेवीने पुतण्याला, वीरभद्रला, हाक मारली.

सोमवारी सिद्धराम जिलानीच्या गाडीवर मागे बसून निघाला. मांडीवर डबा होता. मिलच्या फाटकाशी आले तर वर हा एवढा फ्लेक्स. चुलत भावाच्या लग्नातला सिद्धरामचा फेटेवाला फोटो, खाली 'प्रदीर्घ आजारावर मात करून कामावर रुजू होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि त्याखाली शुभेच्छुकांची रांग. त्यातल्या एकानेही वर्षभरात त्याच्या दारात डोकावलं नव्हतं. हलगी कडाडत होती.

"जिलानी, गाडी वळव," सिद्धराम म्हणाला.

जिलानीने ब्रेक दाबला, पण आरतीचं ताट घेऊन जगदेवी पुढे आली होती. आईला पाहून तो उतरला. फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ आला. जगदेवीच्या आग्रहाखातर शेटनी सत्कारासाठी मशिनी थांबवल्या होत्या. वीरभद्रने माईक पुढे केला. "दादा, दोन शब्द."

स्पीकरमधून नुसता त्याचा श्वास ऐकू येऊ लागला. मोबाइल वर झाले.

"बोल की रं," जगदेवी म्हणाली.

त्याने माईक तिच्या हातात नीट ठेवला. चार पावलं मागे गेला आणि ट्रक उभे करतात त्या काट्याच्या लोखंडी पत्र्यावर, हारतुऱ्यांसकट, खाली बसला. नारळ घरंगळत गेला.

"किती भरलं रे वजन?" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ नांदेडच्या पाहुण्यांकडेही पोचला.

सिद्धराम पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला. शेटनी हंगामभर जागा राखली, मग दुसरा माणूस ठेवला. त्या दिवशी गाडीवर राहिलेला डबा जिलानीने घासूनपुसून आणून दिला. तो उंबऱ्यावर ठेवून तसाच परत गेला, आणि तेच जगदेवीला जास्त लागलं.

बुशराबाई आल्या तेव्हा त्या रागावतील म्हणून ती पदर सावरून बसली होती. त्या रागावल्या नाहीत.

"आता म्या काय करू?"

"गोळ्या वेळेवर द्या. शेजारी बसा. बोलतं करायला जाऊ नका."

"अन् लोकांनी इचारलं तर?"

"जे आहे ते सांगा, मावशी."

पुढे एका दुपारी पद्मीन नळावर म्हणाली, "कावीळ लईच चिवट दिसतीय वो तुमच्या सिद्धूची."

जगदेवीने हंडा खाली ठेवला. बायांनी आपापले मागे ओढले.

"कावीळ नव्हती. मनाचा आजार हाय त्याला. जसा तुझ्या नवऱ्याला शुगरचा हाय तसा. लपवला म्या, अन् वाजवलाबी म्याच. आता पुढच्या खेपेला तो कामावर निघंल तवा कुणी दारात उभं राहायचं न्हाई. हार घेऊन तर न्हाईच न्हाई." मग पद्मीनच्या शेळ्यांच्या मांडवाकडे बोट करून म्हणाली, "अन् त्यो फ्लेक्स काढून दे मला."

मांडवावर सिद्धराम फेटा बांधून उलटा हसत होता.

"शेळ्यांना ऊन लागंल की," पद्मीन पुटपुटली.

"माझं लुगडं घाल वर."

लेकाचा चेहरा आतल्या बाजूला येईल अशी फ्लेक्सची घडी घालून ती घरी आली. घडी पलंगाखाली सरकवली आणि सिद्धरामच्या पाठीशी बसली. मग तोंड न वळवता सिद्धरामने विचारलं,

"अव्वा, हलगी वाजायलीय का बाहेर?"

बाहेर काहीच वाजत नव्हतं.

"न्हाई रं, सिद्धू. कुणी न्हाई."

तिला आणखी बरंच बोलायचं होतं. जन्मात पहिल्यांदा ती बोलली नाही.