सतरा नंबरची पाटी

"राष्ट्राच्या ऱ्हासाची सुरुवात त्याच्या उपाहारगृहांतून होते," असं किहारा तोशिमित्सु यांनी अभिप्रायाच्या कार्डावर लिहिलं, आणि कार्डावरच्या चार ओळींपैकी तीन तिथेच संपल्या. उरलेलं राष्ट्र चौथ्या ओळीत बसवणं भाग होतं. त्यांनी अक्षर बारीक केलं. मिशीला लागलेला पांढरा सॉस मात्र पुसला नाही, कारण तो त्यांना दिसत नव्हता.

"एका फिश बर्गरसाठी पंचवीस मिनिटं. कोणी आलं नाही, कोणी हाक मारली नाही. शेवटी स्वतः गल्ल्यावर जाऊन गार बर्गर आणला. तिथली वृद्ध बाई या कामास निरुपयोगी."

वृद्ध बाई एकोणसत्तर वर्षांची होती. किहारा शहात्तर.

कार्डावर नाव-पत्ता लिहिणं ऐच्छिक होतं. पण किहारांची सदतीस वर्षं जपानमधल्या मात्सुए शहराच्या पाणीपुरवठा खात्यात गेली होती, आणि निनावी कागद ते स्वतः टोपलीत टाकत आले होते. त्यांनी नाव, पत्ता, फोन, सगळं नीट लिहिलं. कार्ड पेटीत पडल्याचा आवाज त्यांना ऐकू आला नाही. पडलं असणार, असं धरून ते घरी निघाले.

घरी फुसाएबाई त्यांचा कोट झटकत होत्या.

"अहो, हे काय?"

त्यांच्या हातात प्लास्टिकची पिवळी पाटी होती. तिच्यावर ठळक आकडा: १७.

किहारांनी पाटी ओळखली. गल्ल्यावर पैसे दिले की ही पाटी मिळते. ती टेबलावर उभी करून ठेवायची, म्हणजे बर्गर घेऊन येणाऱ्याला टेबल सापडतं. पण पुढ्यात नंबर मांडून बसलेला माणूस किहारांना आरोपीसारखा वाटला होता. म्हणून त्यांनी ती खिशात घातली होती आणि वर्तमानपत्र उघडलं होतं.

"पण हाक मारायला काय झालं होतं त्या बाईला?"

"मारली नसेल कशावरून? तुमच्या कानाचं यंत्र या खणात आहे. दोन वर्षं झाली, डबीतून उठलेलं नाही."

"ते म्हाताऱ्यांसाठी असतं."

"हो ना. तुमचं तर अजून लग्न व्हायचंय."

फुसाएबाईंनी पाटी घड्याळाशेजारी उभी केली आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. किहारांनी तिचं तोंड भिंतीकडे केलं. तेवढ्यानं भागेना, तेव्हा त्यांनी ती खणात टाकली. नेमकी कानाच्या यंत्राशेजारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या वेळी ते तिथे हजर होते. पेटीची फट पोस्टाच्या पेटीइतकी होती, आणि त्यांची दोन बोटं आत जात होती. ती त्यांनी घातलीही. शाळेत निघालेल्या दोन मुली थांबून बघायला लागल्या, तेव्हा त्यांनी बोटं काढून पेटीवरची धूळ पुसली आणि 'स्वच्छता बरी आहे' अशा अर्थी मान हलवली. पेटी तशीही रिकामी होती. कार्डं आदल्या संध्याकाळीच काढली गेली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला दारावरची घंटा वाजली. ती फुसाएबाईंनी ऐकली.

दारात दोघं होते. पुढे दुकानाचा व्यवस्थापक निशिगाकी, जूनच्या उकाड्यात काळा सूट घालून. त्याच्या मागे गल्ल्यावरच्या ओचिआईबाई. त्यांनी ठेवणीतलं राखाडी, साडेपाच बटणांचं जाकीट घातलं होतं. सहाव्या बटणाचा अर्धाच तुकडा शिल्लक होता. दोघं चटईवर गुडघे टेकून बसले. निशिगाकीनं योकान मिठाईचा डबा दोन्ही हातांनी पुढे सरकवला आणि कपाळ चटईला लागेपर्यंत तो वाकला. ओचिआईबाई त्याच्याहून थोड्या जास्त वाकल्या.

"आपलं कार्ड आम्ही सगळ्यांनी उभं राहून वाचलं," निशिगाकी म्हणाला. "राष्ट्राबद्दलचं वाक्य तर मी भिंतीवर लावलंय."

किहारांनी चहाचा पेला उचलला. तो रिकामा होता. तरी ते प्यायले.

"चूक आमची आहे. ओचिआई-सान यांना पुढच्या महिन्यापासून गल्ल्यावर ठेवणार नाही. आत तळणीचं काम त्यांना झेपायचं नाही, तेव्हा बहुधा..." वाक्य त्यानं तसंच सोडलं.

"माझा आवाज पोचला नाही," ओचिआईबाई म्हणाल्या. "क्षमा असावी."

"चांगला खणखणीत आहे की आवाज तुमचा," चहा ओतता ओतता फुसाएबाई म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे न बघता आत गेल्या.

ओचिआईबाईंचे हात मांडीवर एकावर एक ठेवलेले होते. तळव्याच्या कडेला तेलाच्या चटक्यांचे जुने डाग होते. किहारांनी त्या हातांकडे पाहिलं, मग खणाकडे पाहिलं.

"निशिगाकी-सान, खरं सांगायचं तर..."

निशिगाकी लगेच पुन्हा वाकला. आता खरं सांगायचं, तर त्याच्या पाठीला सांगावं लागलं असतं. किहारांनी थोडा वेळ ती पाठ न्याहाळली. पाठ वर येईना.

"मी तक्रार मागे घेतो," ते म्हणाले. "यांना गल्ल्यावरच ठेवा."

निशिगाकीनं मान वर केली. त्याचे डोळे ओले झाले होते.

"केवढं मोठं मन! दुकानातल्या एकूण एक माणसाला सांगतो मी हे."

"मुळीच सांगू नका!"

हे किहारा इतक्या घाईनं म्हणाले, की तो विनय समजला गेला. निशिगाकीनं खिशातून वही काढून त्याची नोंद केली.

निरोपाचं वाकणं तीनदा झालं. निशिगाकी गाडी वळवायला फाटकाबाहेर गेला. ओचिआईबाई पायरीवर बसून बूट घालत होत्या. मान खाली ठेवूनच त्या काहीतरी हळू बोलल्या.

"काय म्हणालात?"

त्या पुन्हा तितक्याच हळू बोलल्या. किहारांनी कानामागे हात धरला. दोन वर्षांत परक्या माणसासमोर त्यांनी तो हात कधी वर नेला नव्हता.

ओचिआईबाईंनी फाटकाकडे पाहिलं. निशिगाकी गाडीचं दार उघडत होता. त्यांनी एक बूट काढला, पायरीवर गुडघा टेकला आणि किहारांच्या कानाजवळ तोंड नेलं.

"सतरा नंबरची पाटी तेवढी द्या. सोळानंतर एकदम अठरा दिला, की गिऱ्हाईक विचारतात."