दहा दिवस गैरहजर

मित्रांनो, माझ्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून लाज न बाळगता सांगतो. मी एक जुना हजेरीचा डबा आहे, काचेवर अंगठा टेकवला की हजेरी मांडणारा. आणि मला माझीच किळस येते.

तलासरीजवळ छोट्या चारचाकी गाड्या बनवणारा एक कारखाना होता. २०१६ साली तो बुडायला आला तेव्हा सरकारने पैसे देऊन त्याला वाचवलं, पण अटी घालून. तीन वर्षं एकाही स्थानिक कामगाराला काढायचं नाही, ही पहिली अट. खोटी माणसं दाखवता येऊ नयेत म्हणून हजेरी अंगठ्याचीच धरायची, वही चालणार नाही, ही दुसरी. आणि जो सलग दहा दिवस हजर नसेल, त्याने स्वतःहून काम सोडलं असं समजायचं. या अटी पाळायला मला आणलं. गेटवर नारळ फुटला, मला झेंडूचा हार घातला. मी काय फुगलो होतो म्हणून सांगू! मला बोलता येत होती दोनच वाक्यं. अंगठा जुळला की ‘थँक्यू’, नाही जुळला की ‘प्लीज ट्राय अगेन’.

रानशेत गावची शुक्री तिथे कामाला होती. ती रोज सकाळी पदराला अंगठा पुसायची, मग त्याच पदराने माझी काच पुसायची. इतक्या माणसांत माझी काच पुसणारी ती एकटीच. पूर्वी दिवाळी झाली की तिचं सगळं घर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचं आणि पोरीची शाळा सुटायची. कारखान्याचं काम लागल्यापासून दाराला कुलूप लागलं नव्हतं. पोरगी संगीता सातवीपर्यंत पोचली होती.

२०१८च्या पावसाळ्यानंतर गाड्या खपेनाशा झाल्या आणि कारखान्याला माणसं जड झाली. काढायची तर अट आडवी. तेव्हा मॅनेजर जतीन साहेबांनी डोकं चालवलं. शुक्री आणि तिच्यासारख्या चाळीस बायका त्यांनी घासकामावर टाकल्या. गाडीच्या दारांवर पुट्टी लावायची आणि पाणी मारून पॉलिश पेपरने दिवसभर घासायची. हातमोजे कपाटात होते आणि कपाटाला कुलूप होतं.

“मोज्यांनी फिनिशिंग कळत नाही,” जतीन साहेब म्हणाले.

तीन आठवड्यांत शुक्रीच्या दहाही बोटांवरच्या रेघा घासून गेल्या, बोटं गुळगुळीत झाली. एका सकाळी तिने अंगठा टेकवला आणि मी म्हणालो, “प्लीज ट्राय अगेन.” तिने तो पुसला, फुंकला, पुन्हा टेकवला. मी तेच म्हणालो. रांगेत मागे जतीन साहेब उभे होते. ते हसले नाहीत, नुसतं घड्याळ बघितलं. तेव्हा मला कळलं की कुलूप त्या कपाटाला का होतं.

असे दहा दिवस गेले. दहाही दिवस शुक्री आत गेली, दहाही दिवस तिने दारं घासली. अकराव्या दिवशी हातात कागद मिळाला: स्वतःहून काम सोडले.

त्याच आठवड्यात अटी पाळल्या जातात का ते बघायला सरकारी साहेब आले. जतीन साहेबांनी मला गेटवरून काढून ऑफिसात त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि त्यांच्यापुढे सोललेल्या चिकूंची बशी ठेवली. शुक्री सरळ आत शिरली. तिच्या गावात सगळ्यांनाच तू म्हणतात.

“साहेब, तू मना बघतोस ना? मी रोज येते. मंग मी गैरहजर कशी?”

सरकारी साहेबांनी चिकूची फोड तोंडात टाकली. “बाई, मशीनमध्ये दिसत नाही.”

“मशीन नको बघूस. माझा हात बघ.”

तिने दोन्ही पंजे त्यांच्या टेबलावर ठेवले. लालभडक, सोलवटलेले, त्या बशीच्या अगदी शेजारी. साहेबांनी बशी थोडी आपल्याकडे ओढली.

“लाव अंगठा,” ते म्हणाले.

तिने लावला. ती उभी होती, मला दिसत होती. आणि मी म्हणालो, “प्लीज ट्राय अगेन.” साहेबांनी कागदावर लिहिलं: सर्व अटींचे पालन झाले आहे. थू! माझ्या तोंडात थुंकी असती तर त्या कागदावरच टाकली असती.

शुक्रीच्या दाराला पुन्हा कुलूप लागलं. संगीताही भट्टीवर गेली.

२०१९च्या उन्हाळ्यात तीन वर्षं भरली आणि त्याच महिन्यात मालकांनी कारखाना बंद केला. मी मसोली गावात रतनशेठच्या भंगाराच्या दुकानात येऊन पडलो. पावसाळ्यात भट्ट्या बंद, म्हणून शुक्री तिथेच भंगार निवडायला आली. पहिल्याच दिवशी रतनशेठने तिला हातमोजे दिले. भंगारवाल्याला कळलं ते कारखान्याला कळलं नव्हतं, असं मी म्हणणार नाही. चांगलं कळलं होतं.

आज रतनशेठने मला वायर जोडली. “शुक्री, चालतो का बघ गं.”

तिने मोजा काढला, अंगठा पदराला पुसला. माझी काच पुसली नाही. अंगठ्यावर नवी कातडी आली होती, रेघ न रेघ उमटली.

“थँक्यू,” मी म्हणालो. पडद्यावर अक्षरं आली: शुक्री, हजर.

ती माझ्याकडे वाकली. “आता वळखलास मेल्या?” मग रतनशेठला म्हणाली, “ह्याला फोडू?”

मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन कुणासाठी अटी लिहाल, तेव्हा त्या पाळल्या की नाही ते माझ्यासारख्या डब्याला विचारू नका. समोर उभ्या असलेल्या माणसाचे हात बघा. बोलणं आता आटपतो. शुक्रीने मोजे पुन्हा चढवलेत आणि माझ्या पाठीचा पहिला स्क्रू ढिला झाला आहे.