जागा शिल्लक नाही

मी प्रयागबाईंचा मोबाइल बोलतोय. जरा दमानं ऐका, कारण हल्ली मला प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो. एकदा दाबलं की विचार करतो, दोनदा दाबलं की गरम होतो, तिसऱ्यांदा दाबलं की बंद पडतो. पाठ फुगली आहे, काचेला वरपासून खालपर्यंत तडा आहे. वय सांगितलं तर तुम्ही मला पोरच म्हणाल, पण आमच्या जातीत मी पिकलं पान आहे.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. वाशीमच्या एका दुकानातून प्रयागबाईंच्या मुलानं, विकासनं, मला घेतलं. त्यानं मला रात्रंदिवस राबवलं, दोनदा आपटलं आणि नागपूरला नोकरी लागताच नवा फोन घेऊन मला केनवडला आईकडे धाडलं. एक उसवलेला स्वेटर, जुनी छत्री आणि मी, असे एकाच पिशवीतून आलो.

प्रयागबाईंनी मला जिवापाड जपलं, आणि त्या जपण्यानंच मी अर्धा मेलो. धूळ लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं, मग आवाज दबका येतो अशी तक्रार. उंदरानं कुरतडू नये म्हणून स्टीलच्या डब्यात ठेवलं, मग रेंज नाही म्हणून मलाच बोल. भाकरी थापता थापता उचललं की सगळं पीठ माझ्या तोंडात. व्हिडिओ कॉल आला की बाई सवयीनं मला कानाला लावायच्या आणि पलीकडच्यांना नुसता कान दिसत राहायचा. चित्र अंधारं आलं तर कॅमेऱ्यावर बोट आहे, हे त्यांना दर वेळी नव्यानं सांगावं लागे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं या घरातलं अंगण मी.

सगळ्यात जास्त येणं-जाणं होतं ते धाकट्या बहिणीचं. कमलीबाई चाकणला लेकाकडे राहते. दोघींनाही लिहिता येत नाही, म्हणून कमलीबाई रोज सकाळी एक देव पाठवायची. सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती, शनिवारी मारुती, शेजारी गुलाब आणि वाफाळलेला चहाचा कप. प्रयागबाई त्याला हात जोडायच्या, उलट एक देव पाठवायच्या आणि मगच चहा ठेवायच्या. आपण बरे आहोत, एवढाच त्या सगळ्याचा अर्थ. ती चित्रं माझ्या पोटात साठत गेली. जागा शिल्लक नाही, असं मी कितीदा तरी कळवलं, पण वाचतंय कोण?

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी देव आला नाही. फोन बिघडला म्हणत बाई मला घेऊन बाजारात सतीशच्या दुकानी गेल्या. सतीशनं मला बंद करून चालू केलं. मोबाइलवाल्यांचं हे एकच रामबाण औषध. मग दोन-तीन कॉल लावून पाहिले आणि फोन ठणठणीत आहे म्हणाला. होतोच मी ठणठणीत. तिकडे कमलीबाईला लकवा मारला होता. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

आता साध्या कॉलचा काही उपयोग उरला नाही. कमलीबाईला ऐकू येतं, पण तिला जे म्हणायचं ते डोळ्यांनी आणि डाव्या हातानं. बघितल्याशिवाय कळणार कसं? प्रयागबाईंचे गुडघे असे की बसची पायरी चढवत नाही, तिथं चाकणची काय कथा. आणि नेमका त्याच सुमारास माझ्यातल्या व्हिडिओ कॉलच्या ॲपनं हट्ट धरला, की नवीन आवृत्ती टाका, नाहीतर मी चालणार नाही. नवीन टाकायला जागा हवी, आणि सगळी जागा देवांनी व्यापलेली.

एकदा शेजारच्या पंजाबरावांच्या फोनवरून कॉल लावून पाहिला. त्यांच्या ओसरीवर अख्खी गल्ली गोळा झाली आणि कमलीबाईचं वाकडं झालेलं तोंड बघून हळहळू लागली. कमलीबाईनं पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवसापासून बाईंनी ठरवलं, बोलायचं तर आपल्या घरातून आणि आपल्याच फोनवरून. दुसऱ्या कुणाच्या फोनात बहिणीचा चेहरा नको.

मग पंजाबरावांची सून वैष्णवी मला ठीक करायला बसली. पोरगी गुणी, पण घाईची. सगळे फोटो एकदम पुसून टाकते, दोन मिनिटांचं काम, म्हणाली. बाईंनी मला तिच्या हातातून ओढूनच घेतलं. फाटक्या कॅलेंडरवरचा देवसुद्धा आपण उकिरड्यावर टाकत नाही, पाण्यात सोडतो. मग एवढे देव पुसायचे कसे? वैष्णवीनं परोपरीनं समजावलं, की देव देवळात आहेत, फोनातले पुसले तर पाप लागत नाही. बाईंनी मला पदराखाली घेतलं.

"देव तं देवळात हायेतच व," त्या म्हणाल्या. "पन हे कमलीनं धाडले. आता कायच्यानं धाडन थे? तिचा हात चालत नाही."

वैष्णवीची घाई तिथंच ओसरली. सगळे माझ्या फोनात ठेवते मावशी, असं ती हळूच म्हणाली. बाईंनी मान हलवली.

"तुह्याकडे ते नुसते फोटू राह्यतीन. मले आले होते ना ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतःच परातीत पाणी घेतलं आणि मला मांडीवर. एकेक देव उघडायचा, हात जोडायचे, बोट पाण्यात बुडवून माझ्यावर टेकवायचं आणि तो पुसायचा. विसर्जनच ते. आता ओलं बोट मला नीट कळत नाही हो. मारुती पुसायला जावं तर विकासला कॉल लागायचा. वैष्णवी दर वेळी पदरानं माझं तोंड कोरडं करायची. दोन-तीन दुपारी हे चाललं. मी पार थकलो, पण कुरकुरलो नाही. शेवटी उरला तो आजाराच्या आदल्या सकाळचा देव. त्याच्यावर बाईंचं बोट फार वेळ थांबलं. मग डोळे मिटून त्यांनी तोही सोडला.

ॲप नवं झालं. आमच्याकडे व्हिडिओ कॉलपुरती रेंज न्हाणीघराच्या दारातच येते, म्हणून बाई तिथं पाटावर बसल्या, मला बादलीला टेकवलं आणि वैष्णवीनं कॉल लावला. तिकडे कमलीबाईची सून चंदा हिनं फोन धरला होता. मी होती नव्हती ती ताकद लावून चित्र आणलं. आधी नुसते चौकोन, मग पांढरे केस, मग कमलीबाई. आवाज मात्र नव्हता. वैष्णवीनं लगेच माझा आवाज वाढवला, स्पीकरच्या भोकांवर फुंकर मारली, आता बंद करून चालू करणार, तेवढ्यात बाईंनी तिचा हात धरला.

"राहू दे. थे बोलून राह्यली."

कमलीबाईनं डावा हात तोंडाशी नेला होता. जेवलीस का, असं विचारत होती. प्रयागबाईंनी भाजी कोणती केली इथपासून सांगायला सुरुवात केली. मध्येच थांबायच्या, बहिणीच्या डोळ्यांत बघायच्या आणि उत्तर मिळाल्यासारख्या पुढं बोलायच्या. मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं राबलो, पण कामाला आलो तो त्या दुपारी.

तेव्हापासून रोज दुपारी कॉल होतो. पण माझे दिवस भरत आलेत. पुढच्या महिन्यापासून इतक्या जुन्या फोनवर आपण चालणार नाही, असं ॲपनं कळवून टाकलं आहे. विकास दिवाळीला येताना नवा फोन आणणार आहे. येऊ दे त्या नव्या बिचाऱ्याला. मी थकलोय, मला आता डब्यात पडून राहायला आवडेल.

त्या नव्या फोनला, आणि त्याला हातात घेणाऱ्या प्रत्येकाला, माझी एकच विनंती आहे. दुपारी चाकणचा कॉल लागेल. चित्र येईल, आवाज येणार नाही. तेव्हा काही दाबू नका. जरा बाजूला व्हा आणि दोघींना बोलू द्या.