वगळलेल्यांची यादी

मला अक्षरओळख झाली पंचावन्नाव्या वर्षी, तीही माझ्या मुलीकडून. त्याआधी तेवीस वर्षं मी कारखान्याच्या दप्तरखान्यात शिपाई होतो, हे ऐकून लोक हसतात. मीही त्यांच्याबरोबर हसायचो. परवापासून हसत नाही.

कारखाना बंद पडल्यावर कामगार संघटनेने तिथल्या संगणकातली सगळी माहिती संगणकाचं काम करणाऱ्या माझ्या मुलीच्या हवाली केली. जुन्या वह्यांमधली हजेरी कारकुनांनी त्यात उतरवून ठेवली होती. परवा लंब्याची बायको, आमची वहिनी, घरी आली. लंब्या बॉयलरवर कामाला होता. बॉयलर फुटला त्या दिवसापासून तो कुणाला दिसला नाही. ओळख न पटलेली तीन प्रेतं होती, पण कारखान्याने लिहून दिलं, लंब्या त्या पाळीला आलाच नव्हता. मग लोकांनीच ठरवलं, बायकोला सोडून पळाला.

"पोरी, एकदा बघ गं," वहिनी म्हणाली. "तीस वर्षं मला टाकलेली म्हणतात. मरायच्या आधी मला विधवा व्हायचंय."

मुलीने छोटी स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक फोल्डरमध्ये शिरायचं, प्रत्येक फाईलमध्ये लंब्याचं नाव शोधायचं. थोडं चालून स्क्रिप्ट अडली.

"काय झालं?" मी विचारलं.

"सिस्टीमची फाईल आहे, बाबा. वाचायची परवानगी नाही." तिने आणखी दोन ओळी लिहिल्या. "आता जी फाईल वाचता येणार नाही ती वगळेल आणि पुढे जाईल."



स्क्रिप्ट शेवटपर्यंत गेली. त्या तारखेला लंब्याचं नाव कुठेच नव्हतं. वहिनी पदर सावरून उठली. "म्हणजे नाहीच."

"बसा हो काकू! नाही कोण म्हणालं? वगळलेल्यांची यादी बघायचीय अजून. एकोणचाळीस आहेत."

"यंत्राने यादीही ठेवली?" मी म्हणालो.

"मी ठेवायला लावली. न वाचताच नाही म्हणायला मी काय थापाडी आहे?"

ती हसत बोलली. मी जमिनीकडे बघत राहिलो.

स्फोटानंतर तीन महिन्यांनी हीच वहिनी दप्तरखान्यात आली होती. हातात नवऱ्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी. कुणाचंही नाव शोधायचं तर मी चिठ्ठी वहीच्या पानाशेजारी धरायचो आणि शिंप्याने बटणाला बटण जुळवावं तसा आकार जुळवायचो. एरवी निभायचं. पण बॉयलरच्या मुकादमाचं अक्षर म्हणजे किडामुंगी. एकही आकार जुळेना. कुणाला विचारावं तर माझं बिंग फुटणार, नोकरी जाणार. मी ती वही खालच्या फळीवर सरकवली आणि म्हणालो, "नाही, वहिनी." साहेबांनाही तेच सांगितलं. त्यांनी माझ्या शब्दावर उत्तर लिहिलं.

अडतीस फायली संगणकाच्या स्वतःच्या निघाल्या. एक बॉयलर विभागाची होती, कुठल्याशा कारकुनाने कुलूपबंद केलेली. मुलीने ती उघडली. मुलगी बोलायच्या आधी मीच वाचलं. तीच तारीख, तेच नाव, पुढे 'हजर'.

वहिनी पडद्याकडे बघत राहिली. तिला वाचता येत नाही. तिने आमचे चेहरे वाचले.

"आहे?"

"आहे, काकू."

वहिनीने पडद्याला हात लावला. मग माझ्याकडे वळली. "भाऊजी, तेव्हा वहीत नव्हतं का हो हे?"

मुलगीही माझ्याकडे बघू लागली. चष्मा फुटला होता, असं सांगता आलं असतं. तेवीस वर्षं मी तेच सांगत आलो होतो.

"होतं," मी म्हणालो. "मला वाचता येत नव्हतं. ती वही मी वगळली."

वहिनीने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने मुलीला कागद छापायला सांगितला, तो माझ्या हातात दिला आणि समोर मांडी घालून बसली.

"वाचा. मोठ्याने."

मी वाचलं. 'हजर'पाशी अडलो.

"पुन्हा," ती म्हणाली.