सवतीच्या वाट्याचं तेल

लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला आधी देवघर दाखवलं, मग चूल दाखवली. आमच्या ह्यांनी दाखवलं ते पिठाच्या चक्कीचं डिझेल इंजिन. काळंकुट्ट, कमरेएवढं उंच, दोन्ही अंगांना दोन जड चाकं. हा माणूस सकाळी उठून आधी इंजिनाकडे जायचा, मग चहाकडे. मी त्याच आठवड्यात ठरवून टाकलं की ही माझी सवत. नाव गुलाबराव असलं तरी गाव ह्यांना ‘इंजिनवाले’ म्हणायचं, मग माझ्या बोलण्यात काय चूक होती?

दहा वर्षांपूर्वी आमच्या गणेशनं चक्कीला विजेची मोटर बसवली आणि सवत कोपऱ्यात बसली. हे तिला रोज फडक्यानं पुसायचे, पण चालवायचे नाहीत. गणेशला त्या जागी मिरची कांडायचं यंत्र हवं होतं. बाप हो म्हणेना, पोरगा विषय सोडेना, आणि दोघांच्या मधे बसून मी भाकरी वाढायची.

मागच्या मार्गशीर्षात, मारुतीच्या भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी, गावची विजेची डीपी जळली. लाईनमन म्हणाला, चार दिवस तरी लागतील. इकडे रोडग्यांसाठी चार क्विंटल गहू दळायचा पडलेला. आमच्याकडे भंडारा म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी, दुसरं काही चालत नाही. भंडाऱ्याचं सगळं पाहणारे माणिकराव म्हणाले, टेम्पो सांगू, गहू जानेफळच्या चक्कीवर नेऊ. तेवढ्यात आमचे हे पारावर उभे राहिले.

“गहू कुठी बी जानार नाई. माह्यं इंजिन हाये. चार वाजेपर्यंत पट्टा फिरला नाई, तं खुशाल टेम्पो भरा.”

घरी आल्यावर गणेश म्हणाला, “बाबा, बोलले तं बोलले. पन आज ते फिरलं नाई, तं उद्या मी भंगारवाल्याले बोलावतो.”

“बोलाव,” हे म्हणाले. पण समोरचा चहा त्यांनी घेतला नाही, आणि चहा न घेतलेला हा माणूस मी चाळीस वर्षांत दोनदाच पाहिला आहे.

मग तेलावरून जुंपली. इतकी वर्षं बंद पडलेलं इंजिन, म्हणजे नवं ऑइल घालणं आलंच. गणेश मोटारसायकल काढून जानेफळला गेला आणि एक सोनेरी डबा घेऊन आला. नव्या मोटारींत घालतात ते, दुकानातलं सगळ्यात महाग. ह्यांनी ते बोटावर घेऊन पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

“हे ऑइल हाये का अत्तर? तिले गाढं लागते. गिअरचं नव्वद नंबर आन.”

“बाबा, जमाना बदलला.”

“जमाना बदलला असन. इंजिन तेच हाये.”

पोरगा शेवटी माझ्यावर गेला आहे. बाप बोलत असतानाच त्यानं डबा ओतला आणि हँडल मारलं. चाक वीतभर हललं आणि अडकलं. दुसऱ्यांदा तेवढंही हललं नाही. अकरा वाजले होते.

जानेफळच्या सईदभाईंना फोन मीच केला. त्यांच्या वडिलांनी हे इंजिन बसवलं होतं आणि त्याची नाडी त्या घराशिवाय कोणाला कळत नाही. अर्ध्या तासात ते आले. इंजिनाच्या अंगाचं झाकण खोललं, आत हात घातला आणि बाहेर काढला, तर बोटांना पिवळट चिकट लगदा. चिक्कीचा पाक बिघडला की होतो तसा.

“गुलाबभाऊ, हे काय टाकलं?”

“म्या फडक्याशिवाय हात नाई लावला,” हे म्हणाले आणि गणेशकडे पाहू लागले. गणेश त्यांच्याकडे पाहत होता.

सईदभाईंनी बोटं नाकाशी नेली. परत एकदा नेली. मग हळूच माझ्याकडे पाहिलं. “भाभी, हे तं तिळाचं तेल हाये. उटन्याचा वास बी येऊन राह्यला.”

आता सांगून टाकते. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला मी घरातल्या सगळ्यांना तेल लावते. पोराला, ह्यांना, बैल होते तेव्हा बैलांच्या शिंगांनाही. ज्या साली कापूस शेतातच सडला, त्या साली आमची चूल या इंजिनाच्या दळणावर पेटली होती. ते मी विसरले नव्हते. मग ती बंद पडल्यावर सणाच्या दिवशी तिला तसंच कोरडं ठेवायचं? हे आंघोळीला गेले की मी बूच उघडायची आणि वाटीभर तेल आत सोडायची.

“एक वाटी,” मी म्हणाले. “दर दिवाळीले. नऊ वाट्या झाल्या.”

मला वाटत होतं, ह्यांनी ओरडावं. माणसानं भर गावात शब्द दिला होता आणि तो मी आधीच चिकटवून ठेवला होता. इतकी वर्षं सवत सवत म्हणून जिला बोल लावले, ती उद्या भंगाराच्या टेम्पोत चढेल या विचारानं मला रडू फुटलं.

ह्यांनी बाह्या वर सारल्या. “रडून का होते? बादली आन. डिझेलनं धुवू.”

मग चौघंही लागलो. मी जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या, गणेश आडवा पडून आतलं खरवडू लागला, सईदभाई एकेक भाग काढून डिझेलमध्ये बुडवू लागले. महागडं ऑइलही त्या लगद्याबरोबर बाहेर आलं. दोन वाजता चाक बोटानं फिरायला लागलं.

“आता कोनतं टाकायचं?” गणेशनं विचारलं. त्याचा सूर पार खाली आला होता.

सईदभाईंनी हात पुसले. “नव्या इंजिनात फटी बारीक असतात, तिथं पातळच पायजे. हे झिजलं हाये. पातळ ऑइल फटीतून निसटते, थांबत नाई. भाकरीवर कढी थांबते का?”

“म्या काय म्हनत होतो?” हे लगेच म्हणाले.

“तुमचं बी चुकलं, भाऊ. नव्वद नंबर या थंडीत खालीच बसून राहीन, वर उडनार नाई. वरचं सगळं कोरडं. तिले पिठल्यासारखं पायजे, थांबनारं बी आन पसरनारं बी. साधं चाळीस नंबर. दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर धूळ खात असते.”

गणेश पुन्हा जानेफळला गेला. तो परत येईस्तोवर साडेतीन वाजले आणि दारात माणिकराव टेम्पो घेऊन हजर. निम्मी पोती चढलीही होती. सईदभाईंनी चाळीस नंबर ओतलं, चाक हातानं चार वेळा फिरवून सगळीकडे पोचवलं. मग बापलेकांनी मिळून हँडल धरलं.

पहिल्यांदा नुसता धूर. दुसऱ्यांदा एक ठोका, आणि गप्प. माणिकरावांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिसऱ्यांदा हँडल मारलं तेव्हा इंजिन खोकललं, थांबतंय की काय असं वाटलं, आणि लागलं. हे कोपऱ्यात धावले, पत्र्याची जुनी डबी शोधून काढली आणि धुराच्या नळीच्या तोंडावर बसवली. पुक, पुक, पुक, पुक. शिवारभर ऐकू जाईल असा तो आवाज. नऊ वर्षांनी गावाला कळलं की चक्की सुरू आहे. गल्लीतल्या बायका सवयीनं दळणाचे डबे घेऊन दारात आल्या, आणि मग आपलं आपल्यालाच हसू लागल्या.

टेम्पोतली पोती उतरवायला गणेशच पहिला धावला. जाताना सईदभाईंनी बजावलं, “भंडारा झाला का हे बी काढून टाकजा, परत नवं चाळीस टाकजा. उरली घान निंघून जाईन.” दुसऱ्या दिवशी रोडगे असे खुसखुशीत झाले की माणिकराव स्वतः वाढायला येऊन ह्यांच्या पानात तीन ठेवून गेले. मिरचीचं यंत्र आता ओसरीवर बसलं आहे.

यंदाच्या दिवाळीला मी पहाटे तेलाची वाटी घेतली. गणेशला लावलं, ह्यांना लावलं, आणि चक्कीच्या दाराकडे बघायचंसुद्धा नाही असं ठरवून उठले. तर हे तेल लावलेल्या डोक्यानंच चक्कीत गेले आणि चाळीस नंबरचा डबा घेऊन आले. दुसरी वाटी त्यातून भरली आणि माझ्या हातात दिली.

“तिच्या वाट्याचं काऊन बंद केलं?”

“आता भीती वाटते,” मी म्हणाले. “जास्त झालं तं?”

“नाई होत,” हे म्हणाले. “भरतानाच एक वाटी कमी भरलं होतं म्या. तुह्यासाठी.”

मी पदर खोचला आणि बूच उघडलं.