घरजावयाचा ढावलो

हरिसिंग राठोडनं पोराशी अबोला धरला तेव्हा त्याला वाटलं होतं, आठ-पंधरा दिवसांत पोरगा ताळ्यावर येईल. उन्हाळा सरत आला तरी पोरगा आपल्या जागी ठाम, आणि अबोला मात्र हरिसिंगच्याच मानगुटीवर बसलेला.

भांडण तसं एका नदीवरून. पाटणबोरीजवळच्या या तांड्यातून निघालं की यवतमाळ दूर आणि पैनगंगेचा पूल जवळ. पूल ओलांडला की तेलंगणा. तिकडे दुकानांच्या पाट्या तेलुगू, एसटीचा रंग वेगळा, पण बंजाऱ्यांचे तांडे तिकडेही आहेत, गोरबोली तीच आणि सोयरिकी तर आजा-पणजापासूनच्या. हरिसिंगच्या मोठ्या पोराची, सुनीलची बायको सुगुणा तिकडचीच. तिचा बाप उत्तमसिंग लकव्यानं खाटेला खिळला. सुगुणा एकुलती एक. शेतात कापूस, तूर, आणि बघायला कोणी नाही. सुनील म्हणाला, आम्ही दोघं तिकडं राहायला जातो. इकडची शेती धाकटा सोनू सांभाळत होताच. यात वावगं काही नव्हतं. हरिसिंगलाही ते कळत होतं, पण कळून उपयोग काय? पोरगा घरजावई होणार होता ना.

आणि घरजावयांची टर उडवण्यात या तांड्यात हरिसिंगचा हात धरणारा कोणी नव्हता. कुणाचा पोरगा सासरी राहायला गेला, की तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या ओट्यावर बसून हा त्याच्या बापाला विचारायचा, "काहून बे, पोराची पाठवनी केली म्हंते?" आता ओटा तोच, माणसं तीच, आणि पाळी त्याची. म्हणून त्यानं आधीच बार उडवला. भर ओट्यावर, नायकासमोर छाती ठोकून म्हणाला, "तो नदी वलांडून जात असंल तर माह्या तोंडून त्याच्यासाठी एक शब्द निघनार नाई."

ओट्यावर टर उडवायला जागाच उरली नाही. हरिसिंगला दोन दिवस मोठं बरं वाटलं.

तिसऱ्या दिवसापासून हाल सुरू झाले. बोलायचं नाही म्हटलं की नेमकं बोलायचंच सुचतं. विहिरीवरची मोटार चालू राहिली तर तो गोठ्यात जाऊन बैलाला सांगे, "मोटार बंद करा म्हना कोनीतरी." त्याची बायको लालीबाई शेण भरता भरता विचारी, "बैलाले काय सांगून राह्यले? तो जानार हाय का बटन दाबाले?" ती निरोप पोचवायला साफ नकार देत होती. "मले मधात घालू नका. ज्यानं तोंड बंद केलं त्यानंच उघडावं," म्हणायची.

उघडायचं कसं, हाच तर घोर होता. पोराला सांगायच्या गोष्टी मनात साठत चालल्या होत्या. उत्तमसिंगचा स्वभाव हेकट, त्याच्याशी कसं वागावं. तिकडची जमीन भारी, पाणी धरून ठेवते, तिथं पेरणीची घाई करू नये. पण शब्द मागे घ्यावा तर ओट्यावर तोंड दाखवायची सोय राहणार नाही, आणि न घ्यावा तर पोरगा असाच मुक्यानं निघून जाईल. या दुसऱ्या गोष्टीची हरिसिंगला मनापासून भीती वाटत होती. जीव तुटत होता त्याचा, पण सांगणार कुणाला? बैलाला?

निघायचा दिवस उजाडला. दारात पिकअप लागली. सुगुणाचं कपाट, दोन गाद्या, भांड्यांची पोती चढली. सगळा तांडा जमला, ओट्यावरची मंडळी तर जरा जास्तच लवकर आली होती. हरिसिंग बाजेवर बसून फवारणीचा पंप उघडून बसला. पंपाला काहीही झालेलं नव्हतं.

सुनील आला, पाया पडला. हरिसिंगनं पंपाचा नळ फिरवला आणि पुन्हा उलटा फिरवला. सुनील क्षणभर थांबला आणि गाडीकडे वळला. लालीबाईनं नवऱ्याकडे असं पाहिलं की हरिसिंगची मान आणखी खाली गेली. गेला, त्याला वाटलं. संपलं.

तेवढ्यात पावलं परत आली. मान वर करतो तर समोर सुनील उभा, गळ्यातला गमछा ओढणीसारखा डोक्यावर घेतलेला. काही कळायच्या आत त्यानं बापाच्या गळ्यात हात टाकले आणि मोठ्यानं ढावलो धरला.

बंजाऱ्याची पोरगी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो गाते. गाते म्हणजे रडते, आणि रडत रडत मनातलं सगळं बोलते. हे काम फक्त नवरीचं. गड्यानं ढावलो गायल्याचं तांड्यात कुणी ऐकलं नव्हतं. बायकांनी तोंडाला पदर लावले, ओट्यावर हशा पिकला. पोरगा चारचौघांत आपली थट्टा करतो आहे असं वाटून हरिसिंगनं मारायला हात उगारला.

पण सुनील खरंच रडत होता.

"बापू," तो सुरात म्हणत होता, "मले इच्चू चावला तवा खांद्यावर घेऊन पाटणबोरीपर्यंत पळाला तू, अन् वाटभर मले शिव्या देल्ल्या. आता तिकडं इच्चू चावंल तर शिव्या कोन देईन, बापू? माहा एकबी काम तुले पसंत पडलं नाई. आता माह्या कामाले नावं कोन ठेवन?"

हसणं विरलं. उगारलेला हात हवेतच राहिला. या तांड्याची रीत अशी, की ज्याच्या गळ्यात नवरी पडली त्यानं तोंडानं उत्तर दिल्याशिवाय ती मिठी सोडत नाही, आणि तिला उत्तराविना घालवणं अशुभ. नायक ओट्यावरून उठून जवळ आला. "हरिसिंग," तो म्हणाला, "रीत हाय. बोला लागते."

रीत आहे! हरिसिंगला नायकाचे पाय धरावेसे वाटले. उगारलेला हात हळूच खाली आला आणि पोराच्या पाठीवर टेकला.

"रो मत, बेटी," हरिसिंग म्हणाला.

तांडा खो खो हसला. हरिसिंगनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आता त्याला थांबवणारं कोण होतं? "सासऱ्याच्या खाटेपाशी रोज घडीभर बसत जा, बेटी. वाकडं बोलला तर उलटून बोलू नको, लकव्याचा मानूस हाय. तिकडची जमीन भारी, पाऊस पडला का लगेच पेराले धावू नको. दिवाळीले ये. दिवाळीच्या आधी ये." बोलता बोलता त्याची छाती मोकळी होत गेली. शेवटी शब्द सरले तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की हसू येईल अशी त्यालाच धास्ती वाटली.

सुनीलनं गमछ्यानं डोळे पुसले आणि हात सैल केले. रीत पुरी झाली होती. पण हरिसिंगची मिठी काही सुटेना.

"बापू, सोड आता," सुनील हळूच म्हणाला. "गाडीवाला थांबून राह्यला."

"थांबू दे त्याले," हरिसिंग म्हणाला. "बेटीशी बोलून झालं. आता मले पोराशी बोलाचं हाय."

गाडीवाल्यानं इंजिन बंद केलं.